बाहेर शिकायचं की आपल्याच देशात? खर्चाची तुलना नीट कशी करायची

मागच्या वर्षी माझी भाची एका कागदावर दोन आकडे लिहून घेऊन आली. एका बाजूला आपल्याच देशातल्या कॉलेजची पूर्ण कोर्सची फी आणि दुसऱ्या बाजूला बाहेरच्या युनिव्हर्सिटीची एका वर्षाची फी गुणिले दोन, आणि विचारते कशी, मावशी एवढाच फरक आहे तर जाऊ ना मी? मला तिचं कौतुक वाटलं कारण निदान आकडे लिहून तरी आली होती, बरीच मुलं तेवढंही करत नाहीत. पण त्या कागदावर राहायचा खर्च नव्हता, व्हिसा नव्हता, इन्शुरन्स नव्हता, कर्जाचं व्याज नव्हतं आणि चलनाचा भाव तर आजचाच धरला होता. मग आम्ही तीन रविवार बसून एक शीट बनवली. ती कशी बनवली तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण हा निर्णय घरातल्या सगळ्यांच्या पुढच्या दहा-बारा वर्षांवर परिणाम करतो आणि तो दोन आकड्यांवर घेऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी ठरवायचं की हिशोब कुठपर्यंत करायचा. लोक पदवी हातात येईपर्यंतचा करतात. माझं म्हणणं आहे की कर्जाचा शेवटचा हप्ता जाईपर्यंतचा करा, कर्ज काढणार नसाल तर पहिला पगार सुरू होऊन निदान दोन वर्षं होईपर्यंतचा. एवढी एक गोष्ट बदलली की तुलनेचं चित्रच बदलतं.

एक्सेल किंवा गूगल शीट काहीही चालेल. उभ्या कॉलमला एकेक पर्याय घ्या, आणि पर्याय म्हणजे देश नाही हं, एक विशिष्ट युनिव्हर्सिटी आणि तिचा एक विशिष्ट कोर्स. आडव्या ओळींना वर्षं घ्या, म्हणजे आत्ता तयारीचं वर्ष, मग पहिलं, दुसरं, तिसरं असं हप्ते संपेपर्यंत. प्रत्येक पर्यायाला दोन उपकॉलम ठेवा, एकात तिथल्या चलनातला आकडा आणि शेजारी आपल्या चलनातला, आणि चलनाचा भाव एकाच सेलमधे ठेवून सगळीकडे त्याचाच संदर्भ द्या म्हणजे भाव बदलला की अख्खी शीट आपोआप बदलेल. पर्याय पाचाच्या वर नेऊ नका, नाहीतर एकाचाही हिशोब धड होत नाही.

देश का नाही आणि युनिव्हर्सिटीच का, ते जर्मनीवरून लगेच कळेल. "जर्मनीत शिक्षण फ्री आहे" हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं आणि सरकारी युनिव्हर्सिटींपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे, तिथे ट्यूशन फी नसते, फक्त दर सेमेस्टरला एक ठरावीक वर्गणी भरावी लागते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपियन युनियनच्या बाहेरून आलेल्यांना २०१७ च्या हिवाळी सेमेस्टरपासून दर सेमेस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली, बॅचलर्सला सेमेस्टरला २,००० ते ३,००० युरो आणि मास्टर्सला ४,००० ते ६,०००. आणि खाजगी युनिव्हर्सिटी तर पूर्णच वेगळी गोष्ट. एकच देश, पण शून्यापासून ६,००० पर्यंत सगळं त्यात आहे. नॉर्वेचंही तसंच, वर्षानुवर्षं सगळ्यांना फुकट होतं, २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्यांना फी सुरू झाली. स्वीडनने २०११ ला केलं, फिनलंडने २०१७ ला. म्हणून तीन वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरने सांगितलेला आकडा शीटमधे टाकू नका, त्या वर्षीच्या प्रवेशाचं युनिव्हर्सिटीचं स्वतःचं पेज उघडा आणि लिंक पण सेलमधे चिकटवून ठेवा.

फी बघताना आपली गणना कोणत्या गटात होते ते पहिलं बघायचं. बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन दर असतात. इंग्लंडमधे तिथल्या मुलांच्या बॅचलर्सच्या फीला सरकारी मर्यादा आहे, २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पाउंड, पण आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादाच नाहीये, ती युनिव्हर्सिटी ठरवेल तेवढी. फ्रान्सने २०१९ ला युरोपबाहेरच्यांसाठी वेगळा दर आणला, बॅचलर्सला वर्षाला २,७७० आणि मास्टर्सला ३,७७० युरो, तेव्हापासून तो थोडा थोडा वाढतोय, आणि काही युनिव्हर्सिटी त्यात सूट देतात. अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत त्या राज्यातल्यांना एक दर, बाहेरच्यांना दुसरा. सर्च केल्यावर वर जो मोठा आकडा दिसतो तो बऱ्याचदा तिथल्याच मुलांचा असतो आणि लोक तोच उचलतात.

मग कोर्स किती वर्षांचा ते. इंग्लंडमधे बॅचलर्स साधारण तीन वर्षांचं, स्कॉटलंडमधे ऑनर्सला चार, अमेरिकेत चार. मास्टर्स ब्रिटनमधे बहुतेक एका वर्षात उरकतं, जर्मनीत दोन वर्षं. त्यामुळे वार्षिक फी जास्त दिसत असली तरी एक वर्षाचा कोर्स एकूण स्वस्त पडू शकतो, कारण एक वर्षाचं भाडं वाचतं आणि एक वर्ष आधी कमवायला लागता. उलट फुकट फीच्या ठिकाणी कोर्स लांबला तर त्या प्रत्येक सेमेस्टरचा राहायचा खर्च खिशातून जातो, आणि जर्मनीत कोर्स लांबणं अजिबात दुर्मीळ नाहीये. तिथलं मास्टर्स शीटमधे टाकताना मी चारऐवजी पाच सेमेस्टर धरते, अनुभवाने सांगतेय, तुम्हीही धरा.

आता राहायचा खर्च. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते म्हणून जरा थांबून लिहिते.

सुरुवातीला व्हिसासाठी जेवढे पैसे दाखवावे लागतात तो आकडा घ्या, तो सरकारी वेबसाइटवर असतो आणि फुकट मिळतो. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमधे, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात म्हणजे महिन्याला ९९२. कॅनडाला १ सप्टेंबर २०२५ पासून एका विद्यार्थ्याला फी आणि प्रवास सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, क्युबेक प्रांताचा नियम वेगळा आहे. ऑस्ट्रेलियाने मे २०२४ मधे तो २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर केला. ब्रिटनमधे नोव्हेंबर २०२५ पासून लंडनला महिन्याला १,५२९ पाउंड आणि लंडनबाहेर १,१७१. हे आकडे दर एक-दोन वर्षांनी वाढतात, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात परत बघायचे.

पण हा सरकारने ठरवलेला किमान आकडा आहे, तुमचा खरा खर्च नाही. म्युनिकचंच उदाहरण घेऊ. महिन्याचे ९९२ युरो. तिथे शेअर फ्लॅटमधली एक खोली साधारण ८०० युरोच्या आसपास जाते. विद्यार्थ्यांचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स महिन्याला १४० च्या वर, आणि तो घ्यावाच लागतो. झाले ९४०. उरले ५२ युरो, त्यात महिनाभराचं जेवण, फोन, प्रवास. हे होणारच नाही. आणि त्याच जर्मनीत पूर्वेकडच्या केमनित्ससारख्या शहरात तशीच खोली निम्म्याहून कमी पैशात मिळते, तिथे ९९२ मधे मूल नीट राहू शकतं. भाचीला हे मी पेनाने लिहून दाखवलं तेव्हा ती गप्पच झाली, कारण तिने म्युनिक आणि दुसरं एक छोटं शहर दोन्हीला एकच आकडा लावला होता. शहर बदललं की आकडा बदलायलाच हवा, आणि भाड्याचा आकडा युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचा धरू नका जोपर्यंत हॉस्टेलची खोली कन्फर्म झाल्याचा मेल हातात नाही, कारण बऱ्याच ठिकाणी वेटिंग लिस्ट लांबलचक असते.

ब्रिटनमधे आणखी एक गोष्ट डोळ्यांखालून निसटते. व्हिसासाठी जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे दाखवायचे असतात, म्हणजे लंडनला १३,७६१ पाउंड. पण एक वर्षाचं मास्टर्स बारा महिने चालतं, शेवटचे तीन महिने प्रोजेक्ट किंवा प्रबंध लिहायचे असतात आणि तेव्हाही भाडं द्यावंच लागतं. बारा महिन्यांचे होतात १८,३४८. मधला फरक ४,५८७ पाउंडांचा, आणि तो नेमका त्या वेळी येतो जेव्हा घरून आणलेले पैसे संपत आलेले असतात.

घर घेतानाचं डिपॉझिट वेगळ्या ओळीत लिहा. जर्मनीत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, इंग्लंडमधे साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. हे पैसे परत मिळतात म्हणून खर्चात धरू नका, पण पहिल्या महिन्यात ते हातात लागतात म्हणून रोख रकमेच्या ओळीत धरा. तिथे पोचल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत किती रोख लागेल याची एक वेगळी छोटी बेरीज करून ठेवा, त्यात डिपॉझिट, पहिलं भाडं, काही दिवसांचं हॉटेल किंवा होस्टेल, गादी-चादर-भांडी, थंडीचे कपडे, सिम कार्ड, बसचा पास हे सगळं. आमच्या घरातली एक मुलगी गेली होती तिचं बँक अकाउंट उघडायला पाच आठवडे लागले आणि तेवढे दिवस ती घरच्या कार्डवर प्रत्येक खरेदीला परदेशी व्यवहाराचं शुल्क भरत होती. कोणाची चूक नव्हती, फक्त ते कोणी हिशोबात धरलं नव्हतं.

निघण्याआधीचे खर्च सुटे सुटे छोटे दिसतात म्हणून लोक लिहीत नाहीत. लिहा. भाषेची परीक्षा, तिचा निकाल आयेल्ट्स आणि टोफेलला दोन वर्षंच चालतो त्यामुळे एक वर्ष थांबलात तर कदाचित परत द्यावी लागेल, जीआरई या मास्टर्स-पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचा पाच वर्षं चालतो. प्रत्येक युनिव्हर्सिटीची अर्ज फी, मार्कशीट पाठवायचा खर्च, कागदपत्रांचं भाषांतर आणि प्रमाणित करणं, व्हिसाच्या मुलाखतीसाठी दुसऱ्या शहरात जाणं-येणं. अमेरिकेला व्हिसाच्या फीशिवाय सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी वेगळी. ऑस्ट्रेलियाची विद्यार्थी व्हिसा फी जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. ब्रिटनला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड, पण एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा पुढेमागे धरून वर्षापेक्षा जास्त मुदतीचा मिळतो म्हणून अधिभार दीड वर्षाचा लागतो, म्हणजे १,१६४ पाउंड, आणि तो अर्जाच्या वेळीच एकरकमी भरायचा. असे खर्च प्रवेश मिळो न मिळो, व्हिसा येवो न येवो, आधीच करावे लागतात हे लक्षात ठेवा.

आता आपल्या देशातला कॉलम. इथे लोक उलटी चूक करतात, सगळं कमी धरतात. घरचं कॉलेज म्हणजे फक्त फी नसते. दुसऱ्या शहरात असेल तर हॉस्टेल, मेस, प्रवास, आणि प्रवेश परीक्षेची तयारी, क्लास, त्यासाठी एक वर्ष थांबलात तर ते वर्ष. खाजगी युनिव्हर्सिटी असेल तर चार वर्षांची फी, हॉस्टेल, बाकीचे चार्जेस धरून एकूण आकडा परदेशातल्या फी नसलेल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या राहायच्या खर्चाच्या बऱ्यापैकी जवळ जाऊ शकतो, आणि मग तुलना खरंच विचार करण्यासारखी होते. उलट मूल घरी राहून शिकणार असेल तर जेवणाखाण्याचा अख्खा खर्च टाकू नका, बाहेर गेल्यामुळे जो वाढीव खर्च होणार तोच मोजायचा, कारण घरी असतं तरी जेवलंच असतं. फोन, कपडे, लॅपटॉप हे दोन्हीकडे लागणार, तर दोन्हीकडून काढून टाका, शीट हलकी होते.

चलनाच्या भावाकडे येऊ. समजा फी आणि राहायचा खर्च तिथे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतो आणि आपलं चलन वर्षाला ४ टक्क्यांनी उतरतं. वाटतात छोटे आकडे. पण दोन्ही एकमेकांवर चढतात, १.०५ गुणिले १.०४ म्हणजे १.०९२, दरवर्षी नऊ टक्क्यांहून जास्त वाढ. पहिल्या वर्षी १०० लागले तर चौथ्या वर्षी १३० लागतील, आणि चार वर्षांचे ४०० धरले होते ते साधारण ४५९ होतील. म्हणजे जवळजवळ १५ टक्के जास्त, आणि तेही कुठलंही संकट न येता. दोन वर्षांच्या कोर्सला हाच फरक साडेचार टक्क्यांच्या आसपासच राहतो. म्हणून चार वर्षांचं बॅचलर्स बाहेर करणाऱ्याने या ओळीकडे मास्टर्सवाल्यापेक्षा खूप जास्त लक्ष द्यायला हवं. ५ आणि ४ हे मी उदाहरणाला घेतलेत, तुम्ही आपल्या चलनाचा त्या चलनासमोरचा मागच्या दहा वर्षांचा भाव काढा आणि त्यावरून सरासरी टाका. आणि युनिव्हर्सिटीला मेल करून स्पष्ट विचारा की प्रवेशाच्या वर्षीची फी पूर्ण कोर्सभर तीच राहते की दरवर्षी वाढते, दोन्ही प्रकारच्या युनिव्हर्सिटी असतात.

कर्ज. इथे मी कळकळीने सांगते की घेतलेली रक्कम ही किंमत नाहीच, फेडलेली रक्कम ही किंमत आहे. समजा १०० घेतले, व्याज १० टक्के, आणि दोन वर्षांचा कोर्स अधिक सहा महिने असे अडीच वर्षं हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं नसतं! साध्या व्याजाने सुद्धा तोपर्यंत २५ चढतात. मग १२५ वर दहा वर्षांचे हप्ते लागले तर महिन्याला १.६५, एकूण फेड १९८. शंभर घेतले आणि जवळजवळ दोनशे दिले. तेच शिकत असताना घरच्यांनी नुसतं व्याज भरत राहिलं तर २५ अधिक १५९ असे १८४ मधे भागतं. रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली तर थोडं कमी होईल, पण अंदाज हाच. दर ठरावीक आहे की बदलता, प्रोसेसिंग फी किती, कर्जासोबत विम्याची पॉलिसी गळ्यात मारतायत का, तारण काय ठेवतोय, जामीनदार कोण, हे सगळं सही करायच्या आधी विचारा. राहतं घर तारण ठेवायचं असेल तर ती ओळ शीटमधे लाल करा, मी खरंच लाल केली होती.

स्कॉलरशिपबद्दल थोडं. अमेरिकेतल्या खाजगी युनिव्हर्सिटीची छापील फी बघून घाबरून पान बंद करू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी, ॲमहर्स्ट या ठिकाणी बॅचलर्सला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना पैशाची गरज बघत नाहीत आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे गरज निघेल तेवढी पूर्ण मदत देतात. प्रवेश मिळणं महाकठीण आहे हे खरं, पण मिळाला तर सामान्य घरातल्या मुलासाठी तोच सगळ्यात स्वस्त पर्याय ठरू शकतो. बाकी खूप ठिकाणी प्रवेशासाठी गरज बघितली जाते, म्हणजे मदत मागितली तर प्रवेशाची शक्यता कमी होऊ शकते. पीएचडीचं गणित तर पूर्ण उलटं आहे, अमेरिकेत विज्ञान-इंजिनिअरिंगच्या पीएचडीला बहुतेक वेळा फी माफ होते आणि शिकवायच्या किंवा संशोधनाच्या कामाचे पैसे मिळतात, त्यामुळे पीएचडीसाठी कर्ज काढायची वेळ आली तर दोनदा विचार करा. मास्टर्ससाठी चेव्हनिंग, फुलब्राइट, डीएएडी, इरॅस्मस मुंडुस, जपानची मेक्स्ट अशा आहेत, त्यांच्या तारखा प्रवेशाच्या बऱ्याच आधी असतात, कधीकधी वर्षभर आधी, आणि काहींना कामाचा अनुभव लागतो. शीटमधे मात्र एकच नियम: पत्र हातात आलं तरच वजा करा. आणि पत्रात बघा की ती एकदाच मिळणार की दरवर्षी, आणि दरवर्षी असेल तर किती मार्क टिकवावे लागतील. पहिल्या वर्षाची सूट चारही वर्षांना गुणून बसलेले पालक मी स्वतः बघितलेत आणि दुसऱ्या वर्षी त्यांची झालेली धावपळ पण.

पार्टटाइम नोकरीच्या ओळीत शून्य लिहा. मला माहितीये हे कोणाला आवडत नाही. भाचीलाही आवडलं नाही, तिने महिन्याची कमाई भाड्याइतकी धरली होती. नियम असे आहेत की अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला २० तास. ब्रिटनमधे पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्रात साधारण २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. पण परवानगी आहे म्हणजे काम मिळेलच असं नाही, पहिले दोन-तीन महिने तर घर, भाषा, अभ्यास यातच जातात, आणि छोट्या शहरात जिथे भाडं कमी तिथे कामंही कमी. शिवाय तास वाढवले की मार्क घसरतात, मार्क घसरले की स्कॉलरशिप जाते. शून्य धरून जर शीट जमत नसेल तर तो पर्याय आत्ता आपल्याला परवडत नाही असंच मी म्हणेन. कमाई झाली तर ती हाताशी राहील, आजारपण, तिकीट, एखादा लांबलेला महिना यासाठी.

मग येतो तो भाग ज्यासाठी मी हप्ते संपेपर्यंत हिशोब करा म्हटलं होतं. शिकून झाल्यावर काय? तीन ओळी करा. एक, तिथेच नोकरी लागली. दोन, परत आलो आणि इथल्या पगारावर हप्ते भरायचेत. तीन, कोर्स मधेच सोडावा लागला. बहुतेक लोक फक्त पहिली ओळ डोक्यात ठेवून निघतात. पण तिथे राहायला मिळणं हे तुमच्या हुशारीवर जेवढं तेवढंच त्या देशाच्या धोरणावर अवलंबून असतं. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करायचा व्हिसा २०१२ ला बंद केला आणि २०२१ ला ग्रॅज्युएट रूट नावाने पुन्हा सुरू केला, मधल्या नऊ वर्षांत गेलेल्या मुलांना बहुतेक परत यावं लागलं किंवा लगेच स्पॉन्सर, म्हणजे कामाचा व्हिसा मिळवून देणारी कंपनी, शोधावा लागला. आता तो दोन वर्षांचा आहे पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार, पीएचडीवाल्यांना तीन वर्षं. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, अमेरिकेत १२ महिने ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयातलं काम करायची परवानगी, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४. म्हणजे अमेरिकेत विषय कोणता यावर तीनपट फरक पडतो, आणि कर्ज मात्र दोघांचं सारखंच असू शकतं.

दुसऱ्या ओळीचा हिशोब कसा करायचा सांगते. आपल्या देशात त्या क्षेत्रात नव्याने लागलेल्याला हातात किती पगार मिळतो ते तीन-चार जणांना विचारून काढा, जाहिरातीतला मोठा आकडा नको. त्यातून वर काढलेला हप्ता वजा करा. हप्ता पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर ठीक, निम्म्याच्या वर जात असेल तर थांबा. आम्ही ही ओळ भरली तेव्हा तिचे बाबा, म्हणजे माझे भाऊजी, इतका वेळ सोफ्यावर पेपर वाचत होते ते उठून आले, स्क्रीनवर त्या एका सेलवर बोट ठेवलं आणि विचारलं की हे दरमहा? किती वर्षं? तोपर्यंतच्या सगळ्या चर्चेत ते "तिचं स्वप्न आहे, करू काहीतरी" एवढंच म्हणत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरात खरं बोलणं झालं, निवृत्तीला किती वर्षं राहिली, धाकट्याचं शिक्षण कधी सुरू होतंय, घरातलं कोणी आजारी पडलं तर काय. हे बोलणं व्हायलाच हवं आणि ते शीट समोर असताना सोपं जातं, कारण मग कोणी कोणाच्या स्वप्नाला नाही म्हणत नसतं, सगळे मिळून एका आकड्याकडे बघत असतात.

तिसरी ओळ लिहायला जड जाते पण लिहा. पहिल्या वर्षानंतर परत यावं लागलं तर फीचा किती भाग परत मिळेल, भाड्याचा करार मोडायला किती लागेल, कर्ज किती उरलेलं असेल.

सगळे आकडे भरल्यावर मधले रस्ते पण एकदा बघून घ्या. बॅचलर्स इथे आणि मास्टर्स बाहेर केलं तर बाहेरची चार वर्षं एक-दोन वर्षांवर येतात आणि स्कॉलरशिपलाही तुम्ही जास्त पात्र असता. इथल्या कॉलेजचा बाहेरच्या युनिव्हर्सिटीशी एक्स्चेंजचा करार असेल तर एक सेमेस्टर तिकडे काढता येतं आणि बहुतेक वेळा फी आपल्याच कॉलेजला भरायची असते, फक्त राहायचं आपलं. दोन वर्षं इथे दोन वर्षं तिथे असे कोर्सही असतात, त्यात पदवी नक्की कोण देणार आणि ती दोन्हीकडे मान्य आहे का ते लेखी घ्या. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा परवाना लागणाऱ्या व्यवसायांना तर हे फारच महत्त्वाचं, परत येऊन वेगळी परीक्षा द्यावी लागत असेल तर तिचा खर्च आणि त्यात जाणारा काळ बाहेरच्या कॉलममधे टाका.

पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टी, म्हणजे विषयातली चांगली लॅब, मोठ्या संशोधकाबरोबर काम करायची संधी, एकट्याने राहायला शिकणं, किंवा घरी आजी-आजोबांजवळ असणं, या शीटमधे कोंबू नका. खाली वेगळ्या चार ओळी लिहा. दोन्ही पर्यायांच्या एकूण फेडीतला फरक काढा आणि विचारा की या गोष्टींसाठी मी एवढे पैसे द्यायला तयार आहे का. कधी उत्तर अगदी ठाम हो येतं, आणि ते बरोबरच असतं.

शेवटचं काम युनिव्हर्सिटीला प्रवेशाचे पैसे भरायच्या आदल्या दिवशीचं. शीट परत उघडा, चलनाच्या भावाच्या सेलमधे त्या दिवशीचा भाव टाका, व्हिसाच्या पैशांचा आकडा सरकारी पेजवर परत बघा, आणि युनिव्हर्सिटीची रिफंड पॉलिसी पूर्ण वाचा, व्हिसा नाकारला तर किती परत, स्वतःहून रद्द केलं तर किती, कुठल्या तारखेपर्यंत. बँकेला विचारा की त्या दिवशी परदेशी पैसे पाठवायला त्यांचा भाव काय आणि शुल्क काय, दोन-तीन ठिकाणी विचारा कारण प्रत्येकाचा भाव वेगळा असतो आणि मोठ्या रकमेवर तो फरक एका विमान तिकिटाइतका जाऊ शकतो. भाचीने तीन ठिकाणी विचारलं, सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यातला फरक शीटमधे लिहिला, आणि मग त्या छोट्या शहरातल्या युनिव्हर्सिटीची पहिल्या सेमेस्टरची वर्गणी भरली.